मेनच्या आधीची तार

२० जून २००५. काम : नावेतल्या दोन पंपांना स्विच जोडणे. परतवाड्यापुढे, धरणावर.

माझ्या कामाच्या डायरीत त्या तारखेला एवढंच लिहिलेलं आहे. त्याच्या वरच्या ओळी अशा : पाच एचपी, जळालेली. तीन एचपी, पाणबुडी, जळालेली. साडेसात एचपी, बेअरिंग गेलेलं, शिवाय जळालेली. त्या पाच-सहा वर्षांत माझी डायरी पानंच्या पानं अशीच होती. विहिरीचं पाणी खाली गेलं की लोक मोटार आणखी खाली सोडत. केबल लांबत जाई, व्होल्टेज आधीच मेलेलं, मोटार नुसती गुरगुरायची, तापायची आणि शेवटी माझ्याकडे यायची. मी जळकं तांबं काढायची, नवं भरायची, वार्निश मारून वाळवायची आणि चिठ्ठी लावून फळीवर ठेवायची. तोवर विहिरीतलं होतं नव्हतं ते पाणीही गेलेलं असायचं, त्यामुळे मोटार न्यायला कोणी फिरकत नसे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून तिसऱ्या गल्लीत माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्या साली तिथे दुरुस्त झालेल्या मोटारींमुळे मला बसायला जागा उरली नव्हती.

म्हणून 'नाव' हा शब्द कानावर पडला तेव्हा मी हातातली पकड खाली ठेवली.

खबर आणली अचलपूरच्या इंजीन मिस्त्रींनी. माझ्या वडिलांचे हे जुने दोस्त, मी त्यांना चाचा म्हणते. शेतावरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. वडील गेल्यावर दुकान मी चालवणार हे ऐकून जे दोन-तीन लोक हसले नाहीत, त्यांतले ते एक. सव्वीस वर्षांची होते तेव्हा मी. आता त्रेचाळीस पुरी झाली होती.

"बेटी, नावंची वायरिंग करशीन का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"करीन."

"अवो, पहिले आयकून तं घे."

"ऐकते. पण करीन."

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. परतवाड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला धरण आहे. धरणाचं पाणी चढलं की पलीकडच्या वस्तीचा रस्ता बुडतो आणि दिवाळीपर्यंत लोकांना नावेशिवाय इकडे येता येत नाही. वस्तीतला एक नाववाला वर्षानुवर्षं लाकडी डोंगा वल्हवून लोकांना आणत होता. त्याचा उजवा खांदा गेला. मग वस्तीनं मिळून कोकणातून एक जुनी फायबरची नाव ट्रकवर घालून आणली. सतरा फुटी. विहीर आटल्यामुळे कोणीतरी शेतातलं डिझेल इंजीन विकायला काढलं होतं, ते चाचांनी त्या नावेत बसवून दिलं. वर्षभर नाव छान चालली. पण इंजिनाचा दांडा नावेच्या बुडातून बाहेर पंख्याकडे जातो, आणि तिथून पाणी झिरपतं.

"ग्लँड आवळा ना," मी म्हटलं.

"आवळली तं जळते. थेंब थेंब गळाच लागते तिले. तुले काय सांगू?"

खरंच सांगायची गरज नव्हती. पंपाच्या दांड्याभोवती ग्लँडमध्ये जी दोरी आवळतात ती ओली राहावी म्हणून थोडी गळतीच ठेवायची असते, हे मी चौदाव्या वर्षी शिकले होते. फक्त ते पाणी शेतात जातं, आणि इथे ते माणसं बसतात तिथे साचत होतं. दिवसा नाववाला डब्यानं उपसून टाकी. जूनच्या सुरुवातीला एका रात्री वरून पाऊसही झाला. सकाळी नाववाला काठावर आला तर नाव खुंट्याला बांधल्या जागी बुडाला टेकलेली, वर नुसतं इंजिनाचं धुराडं दिसत होतं.

वस्तीनं नाव वर काढली, चाचांनी इंजीन खोलून सुकवलं. तिथल्या धरणाचे अभियंता साहेब येऊन पाहून गेले. एकवीस तारखेला पुन्हा येईन, म्हणाले. नावेत पाणी साचलं की माणसाशिवाय आपोआप उपसलं गेलं पाहिजे, दिवसाही आणि रात्रीही. ते नसेल तर नाव दिवाळीपर्यंत काठावर ओढून ठेवायची.

"मग तो नाववाला काय करणार?"

"अमरावतीले बांधकामावर जातो म्हनते. खांदा गेलेला मानूस इटा कशा उचलन, ते अल्लाले मालूम."

चाचांच्या साडूनं मुंबईहून बारा व्होल्टचे दोन पंप पाठवले होते. ते त्यांनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवले. प्लास्टिकचे, मुठीएवढे. मी एक उचलून कानाशी हलवून पाहिला. ज्या बाईनं जन्मभर दोन माणसांनी उचलायच्या मोटारी उघडल्या, तिला ते खेळणं वाटायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला की मी तो जरा वेळ तसाच हातात धरून बसले. तोपर्यंत मी नावेत एकदाच बसले होते, अमरावतीला तलावावर, पायानं चालवायच्या बदकाच्या नावेत. आणि त्या वर्षांत माझ्याकडे आलेलं हे पहिलं काम होतं ज्यात पाणी फार झालं अशी तक्रार होती.

संध्याकाळी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली. बॅटरी, मग मेन स्विच, मेनमधून फ्यूज, फ्यूजमधून दोन्ही पंपांचे स्विच. प्रत्येक स्विचला तीन जागा : ऑटो, बंद आणि हात. ऑटोवर ठेवला की पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या फ्लोटनं पंप सुरू होणार, हातावर ठेवला की माणसानं.

सगळं मेनच्या नंतर. यात विचार करण्यासारखं मला काही वाटलंच नाही, आणि ते का वाटलं नाही हे इथेच सांगायला हवं. त्या काळात दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी दुकानात येई, इकडेतिकडे पाही आणि आवाज खाली करून म्हणे, "बाई, मीटरच्या आधून एक तार काढून द्या न." मी नाही म्हणायची. वडीलही नाही म्हणायचे. वीजचोरी हा एक भाग झाला. मेनच्या आधी तार काढली की ती बंद करायला जागाच राहत नाही, आणि अशा तारेला चिकटलेली दोन माणसं मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाई. जाऊ दे. सतरा वर्षांत मेनच्या आधी मी एकही तार दिली नव्हती, आणि ही गोष्ट मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे.

दुसरं, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला निघताना बजावायची : शेतातून जाताना मेन पाडायचा. लोडशेडिंगमुळे वीज कधीही जाई, कधीही येई. मेन चालू राहिला तर रात्री वीज येणार, मोटार आपोआप चालू होणार, विहीर कोरडी, आणि सकाळपर्यंत तांब्याचा कोळसा. आमच्या भागात आता लहान पोरसुद्धा खोलीतून बाहेर पडताना आधी मेनकडे बघतं. त्यात माझाही थोडा हात आहे असं मला वाटायचं.

वीस तारखेला सकाळी साडेसहाची एसटी धरली. पिशवीत जाड तार, तारेच्या टोकांना बसवायचे लग, फ्यूज, टेस्टर, आणि टाकीत लोंबकळतात तसले दोन फ्लोट. परतवाड्याच्या स्टँडवर चाचा उभेच होते. तिथून शेअर जीपनं धरणावर पोचेपर्यंत साडेदहा झाले.

नाव निळी होती, जागोजागी ठिगळं मारलेली. नाववाला पन्नाशीचा, उजवा हात पोटाशी धरून चालणारा, कमी बोलणारा. त्याची भरपाई बायको करत होती. पावसाळ्यात दोघं इकडच्या काठावरच राहत. ती काठावर जाळं घेऊन बसली होती. माझ्याकडे आणि माझ्या पिशवीकडे पाहून ती चाचांना म्हणाली, "मिस्त्री, तुमी तं वायरमन आनतो म्हनलं होतं. ह्या तं कोन्या शाळंच्या बाई दिसतेत."

"वयनी, मला बसायला काहीतरी द्या, मग शाळा भरवते," मी म्हटलं. तिनं एक पाट दिला आणि समोर ठाण मांडून बसली. दिवसभर हलली नाही.

काम सुरू केलं आणि मला वेळेचं भान राहिलं नाही. नाव हलते ही गोष्ट मी धरलीच नव्हती. स्क्रू धरावा तर तो हातातून निसटावा, पेचकस लावावा तर खाच बाजूला सरकावी. मी फळीवर पोटावर झोपून काम केलं. बॅटरी ट्रॅक्टरची होती, ती मागच्या बाकाखाली उंच फळीवर बसवली. तिच्याशेजारी मेन, मेनच्या वर माझा बोर्ड. एक पंप मागे ग्लँडजवळ, एक पुढे. तार मी मुद्दाम जाड घेतली होती. चाचा म्हणाले, बारा व्होल्टले एवढी जाड कावून? मी त्यांना म्हटलं, डीपीपासून लांबच्या शेतात मोटार का उचलत नाही ते आठवा. इथे तर सुरुवातीलाच बारा आहेत, वाटेत दोन सांडले तर पंपाला काय उरणार? चाचांना ते लगेच पटलं आणि त्यांनी ते नाववाल्याला स्वतःचं म्हणून समजावून सांगितलं.

तीनच्या सुमाराला जोडणी झाली. दोन्ही स्विच ऑटोवर केले, मेन चढवला, आणि दोन्ही पंप कोरड्या नावेत घूं करून सुरू झाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नावेच्या बुडाशी पाणी साचतं त्या मागच्या खड्ड्यात मी बादलीनं पाणी ओतायला सांगितलं. पाणी चढलं, फ्लोट वर आला, आणि मागचा पंप बंद पडला.

क्षणभर मलाच कळेना. मग कळलं आणि मी कपाळाला हात लावला. त्या फ्लोटमधून तीन तारा निघतात. पोटात एक लोखंडी गोळी असते, फ्लोट वर-खाली झाला की ती घरंगळते आणि एक जोडी सुटून दुसरी जुळते. टाकी भरली की मोटार बंद, ही एक जोडी. पाणी चढलं की मोटार चालू, ही दुसरी. गेली सतरा वर्षं मी पहिलीच जोडी वापरत आले होते. दुसरी तार कापून, टेप मारून टाकून द्यायची. पाणी जास्त झालं म्हणून मोटार चालू करायची वेळ आमच्याकडे कोणावर आली होती?

नाववाल्याच्या बायकोनं जाळं खाली ठेवलं. "म्हंजे नाव सुकली का पंप सुरू, अन् बुडाले लागली का बंद. आमच्या गावचा तलाठी बी असाच हाय."

नाववालाही हसला, त्या दिवसात पहिल्यांदा. मी तारा बदलल्या. पंधरा मिनिटांचं काम. पुन्हा पाणी ओतलं. फ्लोट चढला, आत गोळी टक् करून वाजली, आणि नावेच्या कुशीतून अंगठ्याएवढी धार बाहेर पडली. धार धरणात पडत होती आणि खड्डा रिकामा होत होता. रिकामा झाल्यावर पंप आपणहून थांबला. मी पुन्हा ओतायला लावलं. पुन्हा तेच झालं. गरज नसताना आम्ही ते आठ वेळा केलं असेल. मी प्रत्येक वेळी खाली वाकून फ्लोटकडे बघत होते, आणि चाचा वरून धारेकडे बघून "निकला, निकला" म्हणत होते.

निघताना मी नाववाल्याला बाकाजवळ नेऊन नीट समजावलं. हा ऑटो, हा हात. हा फ्यूज. आणि सवयीनं शेवटचं वाक्य बोलले : उतरताना मेन पाडायचा.

"पाडतो ना बाई. घरचाबी पाडतो," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर मेन पाडून नावेतून उतरला. मला बरं वाटलं. सांगितलेलं ऐकणारं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं, असं मी वाटेत चाचांना म्हटलंसुद्धा.

मुक्काम चाचांच्या घरी अचलपूरला होता. सातलाच जेवायला बसलो. चाचींनी ज्वारीची भाकर आणि आंबट चुक्याची भाजी केली होती. मी जेवता जेवता नावेचीच गोष्ट सांगत होते, त्या ऐकत होत्या आणि वाढत होत्या. तेवढ्यात डोंगराच्या बाजूला वीज कडाडली. चाची बोलता बोलता उठल्या, ओट्याजवळच्या भिंतीवर हात नेला आणि मेन पाडला. दिवा गेला, पंखा गरगरत थांबला, आणि कोपऱ्यातला फ्रिज एक हुंदका देऊन गप्प झाला.

चाची अंधारात मेणबत्ती शोधत होत्या. माझा घास हातातच राहिला.

"चाचा, नाव."

"काय झालं नावंले?"

"आपण तिचा मेन पाडून आलो. ऑटो मेनच्या नंतर आहे. रात्रभर पंप मेलेलेच राहणार."

मेणबत्ती लागली. चाचा उठून स्कूटरची किल्ली शोधायला लागले. स्कूटरला पुढचा दिवा नव्हता, बाहेर पाऊस सुरू झालेला, आणि वाट जंगलाच्या कडेनं. नाववाल्याकडे फोन नव्हता. चाचींनी किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि ओढणीच्या टोकाला बांधली.

"दोघंबी गप बसा. नाव बुडाली तं काढता येते. तुमी दोघं नाल्यात गेले तं मी कोनाले सांगू?"

मी ताटातली भाकरी संपवली. पाऊस पहाटेपर्यंत पडत राहिला.

सकाळी पहिल्या जीपला माणसं भरेपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. चाचांनी जीपवाल्याला काहीतरी सांगितलं, तो आम्हा दोघांनाच घेऊन निघाला. सहा वाजता धरणावर पोचलो.

नाव तरंगत होती, पण कशीबशी. नावेची कड पाण्यापासून वीतभर वर. आत नाववाल्याची बायको गुडघाभर पाण्यात उभी राहून तेलाच्या डब्यानं उपसत होती. ती चारपासून उपसत होती. नाववाला डाव्या हातानं छोटा डबा मारत होता.

मला पाहून तो आधी आपली बाजू सांगायला लागला. "मेन मीच पाडला होता बाई. पक्का आठवते. तुमी सांगतलं तसाच."

"मंग तुमचा ऑटो कावून झोपला?" बायको म्हणाली. डबा तिनं थांबवला नव्हता.

"मीच झोपवला, वयनी. चूक माझी आहे. बाजूला व्हा."

साडी खोचून मी पाण्यात उतरले, बाकाखाली हात घातला आणि मेन चढवला. दोन्ही पंप एकदम सुरू झाले. दोन बाजूंनी दोन धारा. पाणी एवढं होतं की धारा तिरक्या, लांब जाऊन पडत होत्या. बायकोनं डबा टाकून दिला आणि बाकावर बसली. पाऊण तासात खड्ड्याचा तळ दिसला. बॅटरी उंचावर बसवली होती म्हणून ती कोरडी राहिली होती, नाहीतर पुढचं काही झालंच नसतं.

साहेब नऊला येणार होते.

नाववाला म्हणाला, आता आपण मेन पाडतच नाही. चाचांनाही ते सोपं वाटलं. मी नाही म्हटलं. हा माणूस आज नाही पाडणार, उद्याही नाही. पण परवा त्याचा भाऊ नावेतून उतरेल, तेरवा वस्तीतला कोणी उतरेल, आणि आमच्या मुलुखातला माणूस उतरताना मेन पाडल्याशिवाय उतरणार नाही. ती सवय मी मोडू शकत नव्हते. मला मोडायचीही नव्हती. इंजिनाचा डायनमो, पुढचा दिवा, भोंगा, हे सगळं मेनमधूनच जातं, आणि ते रात्री बंदच राहायला हवं. बंद राहायला नको होते ते फक्त पंप.

म्हणजे एकच उरत होतं. फ्लोटची तार थेट बॅटरीवर. मेनच्या आधी.

मी बॅटरीच्या टोकापासून पंपापर्यंतचं अंतर हातानं मोजू लागले. चाचांना माझं काय चाललं आहे ते कळलं असावं, कारण ते हळूच म्हणाले, "बेटी, तुये बाबूजी असते तं..."

"ते नाहीत. लहान पकड द्या."

तार उघडी ठेवायचा प्रश्नच नव्हता. बॅटरीच्या टोकापासून चार बोटांवर मी प्रत्येक पंपाला वेगळा फ्यूज बसवला, म्हणजे कुठे तार घासली तर फ्यूजच उडेल. पुढची तार नळीतून नेली, नळी कडेला दर हातावर क्लिपनं पकडली. बोर्डावरच्या स्विचची 'बंद' ही जागाही मी ऑटोच्या वाटेतून काढून टाकली. आता कोणी बोर्डावरचा स्विच बंद केला तरी पाणी चढल्यावर पंप चालणारच. माझ्या हातानं मी अशी जोडणी करत होते जी बंद करायला फ्यूजच काढावा लागेल. सांगायला हरकत नाही, मला भीती वाटत होती आणि मजाही येत होती. वीस वर्षांपूर्वी पहिली मोटार स्वतः भरली तेव्हाही असंच वाटलं होतं.

साहेब साडेनऊला मोटारसायकलवर आले. तिशीतले, रेनकोट घातलेले, बोलणं नागपूरकडचं. नावेत उतरले, बाकाखाली वाकले, आणि दोन लाल तारा मेनला वळसा घालून गेलेल्या त्यांना लगेच दिसल्या.

"ही तार मेनच्या आधी काढली?"

"हो."

"याला आमच्याकडे आकडा म्हणतात, ताई."

"आकडा दुसऱ्याच्या तारेवर टाकतात, साहेब. ही बॅटरी यांची, पाणीही यांच्याच नावेतलं."

ते हसले नाहीत. "आणि बंद कसं करायचं?"

"फ्यूज काढून. पण नाव पाण्यात असेपर्यंत बंद करायचंच नाही. काल मी ते मेनच्या नंतर दिलं होतं. रात्री काय झालं ते यांना विचारा."

नाववाल्याची बायको उभीच होती. तिनं साहेबांना तळहात दाखवले. डब्याच्या कडेनं दोन्ही कापले होते.

साहेब म्हणाले, दाखवा. मी काही सांगायच्या आत त्यांचा हात बाकाखाली गेला आणि त्यांनी मेन पाडला. तपासणी सुरू करायच्या आधी, कोणी न सांगता. पाडल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "सेफ्टीसाठी." मी मान हलवली.

मग बायकोनं घागरीनं पाणी ओतायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. फ्लोट आडवाच. साहेब मेनच्या खटक्याकडे बघत होते, मी फ्लोटकडे. सहाव्या घागरीला फ्लोट सरळ झाला, गोळी वाजली, आणि पंप सुरू झाला. मेन पाडलेला. साहेबांनी वाकून खटका पुन्हा हातानं चाचपला. खालीच होता. खड्डा रिकामा झाला, पंप थांबला. पुढच्या पंपालाही त्यांनी तेच करायला लावलं. तेव्हा नाववाल्यानं घागर बायकोच्या हातातून घेतली आणि डाव्या हातानं स्वतः ओतली.

साहेबांनी पिशवीतून कागद काढला. नाववाल्याला नाव चालवायची परवानगी देतो म्हणाले, पण जोडणी मेनच्या आधी केली आहे हे जोडणी करणाऱ्यानं लेखी दिलं पाहिजे. उद्या काही झालं तर कागद लागतो.

कागद मांडीवर घेऊन मी लिहिलं : दोन्ही पंपांची ऑटो जोडणी मी मुद्दाम मेन स्विचच्या आधी केली आहे. नाव पाण्यात असेपर्यंत ती कोणी काढू नये. खाली सही केली, दुकानाचा पत्ता लिहिला. साहेबांनी ते दोनदा वाचलं, आपल्या कागदाला टाचलं, आणि नाववाल्याची प्रत त्याच्या हातात दिली. त्यानं ती न वाचता बायकोला दिली. तिनं वाचली, घडी करून पोलक्यात ठेवली, आणि नवऱ्याला म्हणाली, "आता उभे काय राह्यले? तिकडे लोकं वाट पाहून राह्यले."

पलीकडच्या काठावर खरंच सात-आठ माणसं छत्र्या घेऊन उभी होती. चाचांनी हँडल मारलं, इंजीन लागलं, नाववाल्यानं सुकाणू डाव्या हातात घेतलं आणि नाव निघाली.

बायकोला मी काठावरच थांबवून घेतलं. एखादा फ्यूज उडाला तर पंप पुन्हा मेलेला राहू नये म्हणून पिशवीतले राहिलेले फ्यूज तिच्यासमोर ठेवले आणि सोबत आणलेल्या एका रिकाम्या फ्यूज-होल्डरवर तो कसा काढायचा, कसा बसवायचा ते दाखवलं. मग तिच्याकडून करून घेतलं. पहिल्यांदा तिनं उलटा धरला. दुसऱ्यांदा बरोबर. कापलेल्या हातांनी जमत नाही म्हणाली, तरी मी तिसऱ्यांदा करायला लावलं. फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून तिला दिले, आणि नाव परत येईपर्यंत पाटावर बसून माझा ओला पदर पिळत राहिले.